खजुराला बंदी, खोलीला मुभा

६ लाख ८५ हजार युरो. रुपयांत साधारण साडेसहा-सात कोटी. कोथरूडला बऱ्या सोसायटीत तीन-चार फ्लॅट येतील, पार्किंगचं वेगळं बोला. २०२० ते २०२४ या काळात पॅलेस्टिनी भूमीवर वसवलेल्या इस्रायली वसाहतींमधून आयर्लंडमध्ये जेवढा माल उतरला, त्या सगळ्याची ही किंमत. फळंबिळं, किरकोळ चीजवस्तू. एवढा माल बंदरावर अडवायचा की नाही, याचा खल आयर्लंडची संसद २०१८ पासून करते आहे.

आता दुसरा आकडा. २०२४ या एकाच वर्षात याच आयर्लंडने इस्रायलकडून तीन अब्ज युरोंहून जास्त माल घेतला. बहुतेक सगळा चिप्सचा. खायच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या. इंटेलचा एक मोठा कारखाना इस्रायलमध्ये किर्यात गातला आहे आणि एक डब्लिनच्या पश्चिमेला, लेक्सलिपला. त्या वर्षी अमेरिकेच्या खालोखाल इस्रायली मालाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक कोण, तर इस्रायलच्या नावाने युरोपात सगळ्यांत मोठ्याने बोटं मोडणारा हा देश. वकील सांगतील, दोन्हींत फरक आहे. वसाहती आंतरराष्ट्रीय कायद्याने बेकायदा, किर्यात गात इस्रायलचंच. कबूल. मात्र कायद्याची रेघ जिथे ओढली गेली, नेमकी तिथेच खिशाचीही रेघ आली, हा योगायोग फार सोयीचा आहे.

तेव्हा आयरिश लोक ढोंगी, असा निकाल देऊन पान उलटायचं असेल तर जरा दम धरा. निकाल एवढा स्वस्त नाही.

५४ लाख वस्तीचा देश. एकही लढाऊ विमान नाही. लष्करी गटांत नाही. पण शब्दांना कमी नाही. २८ मे २०२४ रोजी स्पेन आणि नॉर्वेबरोबर पॅलेस्टाइनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. हेगच्या न्यायालयात दक्षिण आफ्रिकेने इस्रायलवर वंशसंहाराचा दावा लावला, त्यात आयर्लंडने हस्तक्षेपाचा अर्ज घातला. न्यायालयाने वंशसंहाराची व्याख्या जरा सैल हाताने वाचावी, ही वर विनंती. इस्रायलने डिसेंबर २०२४ मध्ये डब्लिनमधली वकिलातच बंद करतो म्हणून सांगितलं. ज्यांच्यावर रुसून कुणी आपली वकिलातच बंद करतं, ते लोक अगदीच पोकळ बोलत नसणार.

मान्यतेचंच बघा. फेब्रुवारी १९८० मध्ये आयर्लंडचे परराष्ट्रमंत्री ब्रायन लेनिहन बहरीनला गेले आणि तिथे पॅलेस्टिनी राष्ट्राच्या बाजूने बोलले. युरोपीय समुदायातला असं बोलणारा हा पहिला देश. १९८० मध्ये बोलले, २०२४ मध्ये केलं. चव्वेचाळीस वर्षं. म्हाडाच्या यादीत नाव असलेल्या माणसालासुद्धा हे ऐकून बरं वाटेल.

आयरिश माणसाला पॅलेस्टाइनचा एवढा कळवळा का, याचं उत्तर तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला, दहा लाख माणसं उपाशी आणि रोगराईने मेली, तेवढीच बोटी धरून देशोधडीला लागली, आणि त्याच वर्षांत आयरिश बंदरांतून धान्य आणि गुरं इंग्लंडला जात राहिली. पुढचं आणखी चपखल आहे. १८८७ ते १८९१ या काळात आयर्लंडचा कारभार पाहायला लंडनहून आलेले आर्थर बाल्फोर. मिचेल्सटाउनला पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, माणसं मेली, बाल्फोरसाहेब पोलिसांच्या पाठीशी उभे राहिले आणि ‘रक्तपिपासू बाल्फोर’ हे नाव कमावून बसले. तीस वर्षांनी, १९१७ साली, तेच बाल्फोर परराष्ट्रमंत्री आणि पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देण्याचं पत्र त्यांच्याच सहीचं. १९२० मध्ये आयरिश बंड मोडायला आणलेले ‘ब्लॅक अँड टॅन्स’ म्हणजे गावं जाळणारे गणवेशधारी. १९२२ मध्ये ती तुकडी मोडली आणि त्यांतले शेकडो जण थेट पॅलेस्टाइनच्या ब्रिटिश पोलीस दलात भरती झाले. साम्राज्यात कुशल कामगारांची बदली होते, कपात होत नाही.

गोष्ट इतकी नेटकी जमते म्हणूनच तिच्याकडे जरा संशयाने बघावं. कारण याच इतिहासातून दुसऱ्या बाजूनेही पाणी भरलेलं आहे. ब्रिटिशांविरुद्ध गुप्तपणे लढणाऱ्या यित्झाक शमीर यांनी टोपणनाव घेतलं ते ‘मायकेल’, आयरिश बंडखोर मायकेल कॉलिन्सवरून. हे शमीर पुढे इस्रायलचे पंतप्रधान झाले. आयरिश स्वातंत्र्ययुद्धातले रॉबर्ट ब्रिस्को, डब्लिनचे ज्यू महापौर, हे झिऑनिस्ट पुढारी झाबोटिन्स्कींचे मित्र आणि मदतनीस. म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांत आपला इतिहास दिसतो हे खरं, पण कुणाच्या डोळ्यांत, हे त्या त्या दशकात इंग्रज कुणाला बडवत होता त्यावर ठरायचं.

डोळ्यांवरून आपले लिओ वराडकर आठवले. ‘आपले’ म्हणायचा हक्क सिंधुदुर्गाने केव्हाच घेतला आहे. वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आणि २०१९ च्या डिसेंबरात आयर्लंडचे पंतप्रधान म्हणून साहेब तिथे येऊनही गेले. तर १७ मार्च २०२४ ला व्हाइट हाउसमध्ये सेंट पॅट्रिक दिनाचा समारंभ. आयरिश पंतप्रधानाने अमेरिकी अध्यक्षाला तीन पानांच्या हिरव्या शॅमरॉकचा वाडगा द्यायचा, हा रिवाज. वाडगा देता देता वराडकर बायडनना म्हणाले की, पॅलेस्टिनी लोकांच्या डोळ्यांत आम्हांला आमचाच इतिहास दिसतो. भुकेचा, विस्थापनाचा, हिरावल्या गेलेल्या ओळखीचा. भाषण खरोखरच चांगलं होतं. बॉम्ब पुरवणाऱ्याच्या घरी, त्याच्याच व्यासपीठावर, यजमानाचा पापड न मोडता एवढं बोलणं येरागबाळ्याचं काम नाही. तीन दिवसांनी त्यांनी राजीनामा जाहीर केला. त्याचं कारण वेगळं होतं, वाडग्याचा संबंध नाही.

पण याच वराडकरांनी चार महिने आधी शब्दानेच हात पोळून घेतला होता. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यांत एक आयरिश-इस्रायली मुलगी होती. आठ वर्षांची, कैदेतच नऊची झाली. नोव्हेंबरात ती सुटली तेव्हा वराडकरांनी लिहिलं की, हरवलेलं निष्पाप मूल सापडलं. बायबलच्या वळणाचं वाक्य, हेतू चांगला. पण जत्रेत चुकलेलं पोर पोलीस चौकीवर सापडावं तसं ते वाचलं गेलं. पळवून नेलेल्या मुलाला ‘हरवलेलं’ म्हटल्यावर इस्रायलने आयरिश राजदूताला बोलावून जाब विचारला, आणि या एका बाबतीत त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. दुसऱ्याच्या दुःखावर बोलणं हाच ज्या देशाचा मुख्य निर्यात व्यवसाय, त्याने मालाची प्रत सांभाळली पाहिजे.

आता त्या खजुराकडे, म्हणजे वसाहतींच्या मालाकडे येऊ.

जानेवारी २०१८. फ्रान्सिस ब्लॅक या अपक्ष सिनेटर. मूळच्या गायिका. त्यांनी वरच्या सभागृहात विधेयक आणलं की, व्याप्त भूमीतल्या बेकायदा वसाहतींशी व्यापार बंद. माल आणि सेवा, दोन्ही. सिनेटने मंजूर केलं. जानेवारी २०१९ मध्ये खालच्या सभागृहात ते ७८ विरुद्ध ४५ मतांनी पुढे गेलं. सरकार हरलं, विधेयक जिंकलं. आणि तिथेच अडकलं.

कसं अडकलं, हे आपल्याकडच्या बाबूंनी टिपून घ्यावं. आयरिश राज्यघटनेत तरतूद आहे की, ज्या विधेयकाने सरकारी तिजोरीला खर्च पडतो, त्याला पुढे सरकण्यासाठी सरकारचा खर्चसंमतीचा निरोप यावा लागतो. सरकारने निरोप पाठवलाच नाही. विरोध करायचा नाही, नकार द्यायचा नाही, फक्त पत्र लिहायचं नाही. वर एक पालुपद तयार होतं. परदेशी व्यापार हा युरोपीय महासंघाचा विषय, आम्ही एकटे काही करू शकत नाही, महाधिवक्त्यांचा तसा सल्ला आहे. सल्ला कुणी पाहिला? कुणी नाही. महाधिवक्त्यांचा सल्ला गोपनीय ठेवायचा, अशी तिथली प्रथा. तेव्हाचे पंतप्रधान? डोळ्यांत इतिहास दिसणारे वराडकरच.

पुढचा अंक मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही. फियाना फॉइल हा पक्ष विरोधात होता तेव्हा या विधेयकाचा कैवारी. खालच्या सभागृहात ते मांडलं त्यांच्याच माणसाने. २०२० मध्ये पक्ष सत्तेत आला आणि सरकारच्या किमान समान कार्यक्रमातून विधेयक गायब. विरोधी बाकावरून जो अन्याय स्वच्छ दिसतो, तो मंत्र्याच्या खुर्चीतून बघताना मध्ये कायदेशीर अडचणी येतात.

जुलै २०२४ मध्ये हेगच्या न्यायालयाने मत दिलं की हा कब्जाच बेकायदा आहे आणि इतर देशांनी त्याला व्यापारातून हातभार लावू नये. झालं, डब्लिनमधला तोच गोपनीय सल्ला एकाएकी मवाळ झाला. नोव्हेंबरात निवडणूक होतीच. जून २०२५ मध्ये सरकारने स्वतःचा मसुदा आणला. मालावर बंदी. सेवा? सेवांचं नंतर बघू.

एक जुनं प्रकरण इथे मध्येच काढायला हवं, कारण ‘आम्ही एकटे काय करणार’ या पालुपदाला त्याहून चांगलं उत्तर नाही. जुलै १९८४, डब्लिनची हेन्री स्ट्रीट, डन्स स्टोअर्स. गल्ल्यावर बसणारी एकवीस वर्षांची मेरी मॅनिंग. गिऱ्हाइकाने दक्षिण आफ्रिकेतली ग्रेपफ्रूट पुढे केली. पपनसाच्या जातीतली ती आंबटकडू फळं. मेरी म्हणाली, ही मी गल्ल्यावर चढवणार नाही, आमच्या संघटनेचा ठराव आहे. तिला कामावरून दूर केलं, तशा दहाएक सहकारी, बहुतेक मुलीच, बाहेर पडल्या आणि संपावर बसल्या. जवळजवळ तीन वर्षं. पाऊस, आयरिश थंडी, संपाचा तुटपुंजा भत्ता, येणाऱ्याजाणाऱ्यांचे टोमणे. आधी त्यांना वर्णभेद म्हणजे काय हे धड माहीतही नव्हतं, संपाच्या रांगेत उभं राहून त्या शिकल्या. १९८७ मध्ये सरकारने दक्षिण आफ्रिकेच्या फळभाज्यांवर बंदी घातली. आणि तेव्हा आयर्लंड युरोपीय समुदायाचा सभासद होऊन चौदा वर्षं झाली होती. तेव्हा ब्रसेल्सने कान धरला नाही. १९९० मध्ये मंडेला डब्लिनला आले तेव्हा या पोरींना भेटले.

म्हणजे छोट्या देशाचं परराष्ट्र धोरण कोण करतं म्हणाल, तर एकदा किराणा दुकानातल्या मुलींनी केलं आणि एकदा गाणाऱ्या बाईने. मंत्रालय मागून, चपला सावरत.

दरम्यान स्लोव्हेनिया. एकवीस लाख वस्ती, डोळ्यांतल्या इतिहासाची भाषणं नाहीत, वाडगा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्या मंत्रिमंडळाने बैठक घेतली आणि वसाहतींच्या मालावर बंदी घालून टाकली. युरोपीय महासंघात पहिले. आयर्लंडची समिती तेव्हा अहवाल छापून मोकळी होत होती.

आयर्लंडचं घोडं अडतं कुठे, हे कळायला सात वर्षं संसदेत बसायची गरज नाही. डब्लिनच्या गोदीकाठी फिरून पाट्या वाचल्या तरी पुरे. गूगल, एअरबीएनबी. देशाच्या कंपनीकराचा मोठा वाटा मूठभर अमेरिकी कंपन्या भरतात. २०२४ मध्ये युरोपच्या न्यायालयाने ॲपलकडून १३ अब्ज युरोंचा थकीत कर घ्यायला आयर्लंडला भाग पाडलं. आयर्लंड वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होतं ते हा पैसा नको म्हणून! ज्या पाहुण्याला एवढं जपायचं, त्याच्या देशाच्या काँग्रेसमधून पत्रं यायला लागली की या कायद्याने आमच्या कंपन्या अडचणीत येतील, तर सरकारच्या पोटात गोळा येणारच. अमेरिकेचे इस्रायलमधले राजदूत माइक हकबी यांनी तर जुलै २०२५ मध्ये, आयरिश लोक गिनेसच्या पिंपात पडले की काय, अशी चौकशी जाहीरपणे केली. राजनैतिक भाषेची इतकी घसरण, आणि तीसुद्धा न पिता.

शॅनन विमानतळाचं नाव काढू नका असं तिथले मंत्री खासगीत म्हणत असतील, आपण काढू. तटस्थ देशाच्या या विमानतळावरून २००१ नंतर लाखो अमेरिकी सैनिक इराक-अफगाणिस्तानला गेले. तटस्थ देश, ड्यूटी-फ्री दुकान.

रोख्यांचीही गंमत अशीच. इस्रायल सरकार जगभर रोखे विकून पैसा उभारतं. युरोपीय महासंघात ते विकायचे तर कुठल्या तरी सभासद देशाच्या नियामकाने माहितीपत्रकावर शिक्का मारावा लागतो. ब्रेक्झिटनंतर हा शिक्का कुणाचा? आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेचा. बाहेर निदर्शनं, आत शिक्का. बँकेचं म्हणणं, कागद पूर्ण असले तर मंजुरी द्यायला आम्ही कायद्याने बांधलेले आहोत. शेवटी सप्टेंबर २०२५ पासून हे काम लक्झेंबर्गला गेलं आणि डब्लिनने सुस्कारा सोडला.

डब्लिनच्या नगरसेवकांनी मात्र काहीतरी करायचंच ठरवलं. रॅथगर भागात हर्झोग पार्क नावाची बाग आहे. खैम हर्झोग बेलफास्टला जन्मले, डब्लिनला वाढले, पुढे इस्रायलचे अध्यक्ष झाले. आताचे अध्यक्ष त्यांचे चिरंजीव. २०२५ च्या अखेरीस महापालिकेत ठराव निघाला की, बागेचं नाव बदला. शहरातल्या ज्यू कुटुंबांना साहजिकच धसका बसला, पंतप्रधान मीहॉल मार्टिन यांनी ठराव मागे घ्या म्हटलं, आणि कागदोपत्री पद्धत नीट पाळली नाही, या कारणाने तो बाजूला पडला. गाझातल्या उपाशी पोरांना डब्लिनच्या बागेची पाटी बदलून काय मिळणार होतं, हे विचारायचं नसतं. नामांतराच्या बाबतीत मराठी माणसाने परक्यांना शिकवायला जाऊ नये, म्हणून हा परिच्छेद इथेच आवरतो.

शिकवायला जाऊ नये याला आणखीही कारणं आहेत. १९८८ मध्येच पॅलेस्टाइनला मान्यता देऊन बसलेला आपला देश २७ ऑक्टोबर २०२३ ला संयुक्त राष्ट्रांत युद्धविरामाच्या ठरावावर तटस्थ राहिला. डिसेंबरात बाजूने मत दिलं. १२ जून २०२५ ला, १४९ देश बाजूने असताना, पुन्हा तटस्थ. पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने रद्द झाल्यावर इस्रायलला बांधकामावर माणसं हवी होती, त्यांची एक निवडफेरी सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात झाली. पोटासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या गवंड्याला दोष देणारा मी कोण? पण आयरिश लोकांना सात वर्षांत खजूर अडवता आला नाही, असं आपण हसून म्हणायचं आणि वर विवेकाच्या गप्पा मारायच्या, हे जमायचं नाही. शिवाय आपलं नातं दोन्हीकडे आहे. ज्या कोकणाने डब्लिनला पंतप्रधान दिला, त्याच कोकणातले बेने इस्रायली अश्दोद आणि दिमोनाला घरात मराठी बोलतात आणि भोंगा वाजला की तळघरात जातात.

तरीही मला आयर्लंडची टिंगल पूर्ण मनाने करता येत नाही. २०२५ च्या जुलैअखेर गाझाच्या आरोग्य खात्याने मृतांचा आकडा ६०,००० च्या पुढे गेल्याचं सांगितलं. ऑगस्टमध्ये अन्नटंचाई मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ जाहीर केला. त्या वेळी युरोपातल्या बड्या राजधान्या ‘तीव्र चिंता’ व्यक्त करत होत्या आणि शस्त्रांच्या परवान्यांचे कागद हळूच फिरवत होत्या. बर्लिनची चुप्पी आणि डब्लिनचा साडेसहा-सात कोटींचा खजूर यांत निवड करायची झाली तर मी खजूर निवडेन. तो निदान मोजता तरी येतो.

राहिला प्रश्न सेवांचा. ब्लॅकबाईंच्या मूळ विधेयकात त्या होत्या, सरकारी मसुद्यात नाहीत. सेवा म्हणजे काय? तर वसाहतीतल्या टेकडीवरची खोली सुट्टीसाठी भाड्याने देणं, ही सेवा. अशा खोल्या एअरबीएनबीवर मिळतात. कंपनीने २०१८ मध्ये त्या काढून टाकतो म्हटलं, २०१९ मध्ये राहू देतो म्हटलं. आणि कंपनीचं युरोपातलं मुख्यालय डब्लिनला. तेव्हा सरकारी मसुद्याप्रमाणे वसाहतीतल्या बागेतला खजूर डब्लिनच्या बंदरावर जप्त होईल, पण त्याच बागेशेजारची खोली डब्लिनमध्ये बसून बुक करता येईल. न्याहारीत खजूर मिळाला तर तिथेच खाऊन घ्यायचा, सोबत आणायचा नाही.

संसदेच्या समितीने २०२५ च्या जुलैमध्ये सांगितलं की सेवाही घाला. सरकार म्हणालं, बघतो, कायदेशीर बाजू तपासावी लागेल. २०२५ सरलं, कायदा झाला नाही. सेवा घालता येतील की नाही, हे महाधिवक्त्यांचा सल्ला आला की कळेल. म्हणजे सरकारला कळेल. सल्ला गोपनीय असतो.